राजाचे बोट आणि माघातला दुधी

एका राज्यात माणसे आपली बोटे फार जपून वापरत. तिथल्या लेकराला बोलता येण्याआधी एक गोष्ट शिकवली जाई. परसातल्या कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचे नाही, फळ कुजते. दाखवायचेच तर बोट वाकवून दाखवायचे. आणि चुकून सरळ दाखवले गेलेच, तर तेच बोट दातांखाली धरून लगेच चावायचे, म्हणजे फळाला लागलेला दोष उतरतो. एवढे सगळे पाळूनही एखादी काकडी सडलीच, तर शेजारणीवर खापर फोडायची सोय होतीच.

या नियमाला राज्यात एकच अपवाद होता, आणि तो सिंहासनावर बसत असे.

राजा जयकेतूचे बोट पूर्वेला गेले की सैन्य पूर्वेला जाई. बोट ताटाकडे गेले की तूप वाढले जाई. असे बोट कोणासाठी वाकेल? घरोघरी परसबाग होती, राजवाड्याला मात्र नव्हती. राजाची भाजी सगळ्यांच्या परसातून येई, मग त्याने माती कशाला उकरावी?

एकदा माघ महिन्यात राजाची स्वारी गावकुसाबाहेरून चालली होती. तिथे तुंबाई नावाची म्हातारी जादूगारीण राहत असे. तिच्या मांडवावर दुध्याचा वेल होता आणि वेलाला एकच दुधी धरला होता, अंगठ्याएवढा, टोकाला फूल अजून तसेच. राजाने घोड्यावरून बोट रोखले आणि म्हणाला, "तो दुधी मोठा झाला की माझ्या मुदपाकखान्यात पाठवा."

संध्याकाळपर्यंत दुधी पिवळा पडून गळाला.

दुसऱ्या दिवशी तुंबाई तो पदरात घेऊन दरबारात उभी राहिली. म्हणाली, "राजा, बोट चाव. एवढेच मागते."

"राजाने आपले बोट चावायचे?" जयकेतू हसला. दरबारही हसला, कारण दरबाराला तेच काम होते.

"तू चावणार नाहीस?"

"नाही."

"मग ऐक. ज्या कोवळ्या जिवावर हे बोट रोखून तू 'माझे' म्हणशील, तो जीव तिथल्या तिथे थांबेल. वाढणार नाही, सुकणार नाही. आणि ज्याला थांबवलेस, त्यानेच हे बोट चावले तर शाप सुटेल."

"म्हणजे आता दुधी मला चावणार!" राजा म्हणाला, आणि दरबार पोट धरधरून हसला. तुंबाई हसली नाही. गळालेले फळ तिने पुन्हा पदरात बांधले आणि ती निघून गेली.

पुढे राणी कुमुदवतीला मुलगी झाली. नाव ठेवले मंजिरी. सहाव्या महिन्यात तिची उष्टावण झाली. चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या चमच्याने लेकीच्या ओठांना लावली, चहूकडचे मांडलिक बघायला जमले, आणि राजाची छाती अभिमानाने भरून आली. त्याने राणीच्या मांडीवरच्या लेकीकडे बोट रोखले आणि भरसभेत गर्जना केली, "ही माझी मंजिरी! या राज्याची वारस!"

मंजिरी तिथेच थांबली.

पहिले दोन महिने कोणाच्या लक्षात आले नाही. मग दाई भिवरा म्हणाली की झबली लहान होत नाहीत. मग वैद्य आले, ज्योतिषी आले, तीन दिशांचे तीन मांत्रिक आले आणि तिघेही दक्षिणा न घेता गेले, यावरूनच राजाने काय ते ओळखले. सात वर्षे उलटली. मंजिरीबरोबर जन्मलेली मुले आवारात लगोरी खेळू लागली, आणि मंजिरी सहा महिन्यांची ती सहा महिन्यांचीच. हसे, हुंकार देई, पालथी पडे, पण रांगत नसे. हिरड्या शिवशिवत म्हणून हाती येईल ते तोंडात घाली. राजाने आपले बोट शंभरदा तिच्या तोंडात दिले असेल. ती ते मन लावून चघळी. पण जिला दातच येणार नव्हते, ती चावणार कशी? तुंबाईने शापाला कुलूप लावले होते आणि किल्ली आतच ठेवली होती.

राणी त्याला कधी टाकून बोलली नाही. ती फक्त रोज तीच अंगाई म्हणे आणि म्हणता म्हणता मध्येच थांबे. राजाला ते ऐकवत नसे. त्याने ते बोट चांदीच्या पट्टीत करकचून बांधून टाकले, म्हणजे ते पुन्हा कोणावर उठायला नको. सात वर्षांत बोट ताठून काठीसारखे झाले.

आठव्या वर्षी माघ लागला. पहाटेची बोचरी थंडी थोडी मऊ झाली, उंबराची पाने गळली आणि मागल्या अंगणातल्या बोडक्या फांदीवर एक तांबट येऊन बसला. छाती लाल, गळा पिवळा. टुक, टुक, टुक. तांब्यावर हातोडी पडावी तसा आवाज. राजा एकटाच तिथे बसला होता. सात वर्षे तो मागल्या अंगणातच बसे, कारण तिथे मुलांचा गलका ऐकू येत नसे.

तांबट म्हणाला, "राजा, तुझी लेक वाढायला हवी ना?"

"हवी," राजा म्हणाला. पक्षी बोलला याचे त्याला नवल वाटले नाही. ज्याच्या घरी सात वर्षे एकच वाढदिवस येतो, त्याला नवलाची सवय होते.

"तुझ्या बोटाने आजवर थांबवलेच. त्याच्या हातून काहीतरी वाढू दे. इथे परस कर. तुंबाईकडून बी आण. नागाच्या गुहेतून राख आण. कळकवनातून बांबू आण. जे करशील ते स्वतः कर. पट्टी आधी सोड."

"त्याने शाप सुटेल?"

"मी तांबट आहे, ज्योतिषी नव्हे," पक्षी म्हणाला आणि पुन्हा टुक टुक करू लागला.

राजाने पट्टी सोडली. बोट वाकेना. तसेच ताठ बोट घेऊन, घोड्याशिवाय, तो तुंबाईच्या दारी गेला.

तुंबाई सुकलेल्या दुध्याच्या तुंब्यात राख घालून बियाणे ठेवत असे. राजाला बघून ती उठली नाही.

"तुंबाई, मी चुकलो," राजा म्हणाला. हे वाक्य त्याने वाटेत अकरा वेळा म्हणून बघितले होते, तरी म्हणताना नजर उंबऱ्यावरच राहिली. "शाप मागे घे."

"सुटलेला शाप मलाही धरता येत नाही, राजा. धरता आला असता तर तुझ्या राणीकडे बघून केव्हाच धरला असता. दुसरे काय हवे?"

"बी."

"मग ओंजळ कर."

राजाने जन्मात ओंजळ केली नव्हती. घेणाऱ्याची ओंजळ असते, त्याच्यापुढे तर लोक ओंजळ धरत. त्याने हात जुळवले, पण ते बोट झेंड्याच्या काठीसारखे बाहेर उभे. तुंबाईने बिया ओतल्या, त्या फटीतून जमिनीवर सांडल्या. तिने पुन्हा ओतल्या, पुन्हा सांडल्या. तिसऱ्या वेळी राजाने दातओठ खाऊन बोट आत वळवले. सांधा कटकन वाजला. डोळ्यांत पाणी आले. पण सात बिया ओंजळीत राहिल्या.

"किती खोल लावू?" त्याने विचारले.

"त्याच बोटाचे एक पेर," तुंबाई म्हणाली.

राजाने कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी फोड फुटले. राणी वरच्या सज्जातून मंजिरीला कडेवर घेऊन बघत होती. तिसऱ्या दिवशी ती खाली आली. "आळे असे करतात का, महाराज? पाणी सगळे बाहेर जाईल," ती म्हणाली. राणी माहेरी परसातच वाढलेली. राजवाड्यात आल्यापासून मातीला हात लावायला तिचा जीव आसुसला होता, पण राजाच्या घरात हे सांगणार कोणाला? तिने लेकीला दाईकडे दिले, पदर खोचला, शेणखत मिसळून आळी गोल केली, आणि उरलेल्या जागेत आपल्या मनाने मेथी, मुळा, भेंडी आणि चवळी लावून मोकळी झाली. राजाने बोट मातीत एक पेर खुपसले, बी ठेवले, माती ओढली. असे सात वेळा. थंड, ओल्या मातीत ते बोट बरे वाटले. सात वर्षांत त्याला पहिल्यांदा त्या बोटाचा राग आला नाही.

आठव्या दिवशी मातीतून कोंब वर आले. राजा सकाळी सर्वांच्या आधी उठून आळ्यांपाशी उकिडवा बसू लागला. प्रधान राज्यकारभाराचे कागद घेऊन येई, तोही शेजारी उकिडवा बसे. त्याचे गुडघे दुखत, पण तक्रार कोणाकडे करणार?

मग तांबडे भुंगेरे आले. एका दिवसात त्यांनी पाने चाळणीसारखी केली. सातांतले चार कोंब गेले. राणी म्हणाली, "राख हवी." राजा त्याच पावली नागाच्या गुहेकडे निघाला.

गुहेत खजिना होता आणि खजिन्यावर नाग होता. डावीकडे रत्नांचा ढीग, उजवीकडे राखेचा. ज्यांनी रत्नांना बोट लावून 'माझे' म्हटले, त्यांची तिथेच रत्ने झाली होती. खजिना वाढत होता तो असा.

"काय हवे?" नागाने विचारले.

"राख."

"जरा डावीकडे बघ तरी."

राजाने बघितले. रत्नांमध्ये सात वर्षांची एक मुलगी उभी होती. परकर पोलका, दोन वेण्या, नाक राणीचे आणि हनुवटी त्याची स्वतःची. तिने हात पुढे केला. पायातले पैंजण वाजले.

"ही मंजिरी," नाग म्हणाला, "वाढलेली. चालते, बोलते, लगोरी खेळते. बोट दाखव, 'माझी' म्हण आणि घेऊन जा."

राजाचा ऊर फुटायची वेळ आली. हात उठला, बोट उठले, एक पेर सरळ झाले. मग त्याला घरची मंजिरी आठवली. लाळेने भिजलेली हनुवटी, मुठीत धरलेला राणीचा केस. ती आता भुकेली असेल. हिला भूक तरी लागत असेल का?

"हिला तिच्या आईचा वास ओळखता येईल?" त्याने विचारले.

नाग काही बोलला नाही. नाग खोटे बोलत नाहीत, फक्त गप्प बसतात.

राजाने उजवीकडे वळून बोट वाकवले, अंगठ्याला टेकवले आणि राखेची चिमूट उचलली. चिमटीत मावते तेवढीच राख न्यायची असा तिथला नियम होता, आणि ती चिमूट तीन रोपांना पुरून उरली. वाटेत तो खूप रडला. घरी आल्यावर त्याने हे राणीला सांगितले. राणी म्हणाली, "बरे केलेत," आणि बराच वेळ मुळ्याची रोपे विरळ करत बसली. चांगली रोपेही तिने बरीच उपटली.

फाल्गुनात वेलांना तणावे फुटले. ते हवेत चाचपडू लागले, धरायला काहीतरी हवे होते. राजा कळकवनात गेला. तिथले बांबू बोलत, आणि बोट दाखवून 'हा तोडा' म्हटले की त्या बांबूचा दगड होई, तसा त्यांना वर होता. राजा उजवा हात पाठीमागे धरून सगळ्या वनातून फिरला. प्रत्येक बांबूवर डावा तळवा ठेवून विचारले, "माझ्या घरी येणार का? दुध्याचा वेल आहे, लहान आहे." नऊ बांबू हो म्हणाले आणि त्याच्यामागून चालत आले. वेशीवरच्या पहारेकऱ्याने त्यांची नावे विचारली, तेवढाच काय तो उशीर झाला.

काथ्याच्या गाठी मारताना राजाचे बोट पूर्ण वाकले. गाठ त्याशिवाय बसतच नाही.

आता मेथी दोनदा खुडून झाली होती. राजवाड्यात पहिल्यांदाच घरची भाजी शिजली आणि राजाने ती इतक्या वेळा वाढून घेतली की आचाऱ्याने मुख्य पक्वान्न माघारी नेले. चवळीला शेंगा आल्या. वेल मांडवावर पसरला आणि पांढरी फुले उमलू लागली, उमलून गळू लागली. दुधी मात्र धरेना.

"माझ्याच हाताला दोष आहे," राजा म्हणाला.

"ती नुसती फुले आहेत, महाराज. आधी तीच येतात," राणी म्हणाली. "ज्या फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो ते फूल वेगळे. त्याला धीर धरावा लागतो."

धीर धरायला राजाला उसंत नव्हती, कारण याच दिवसांत मंजिरीचे बिनसले. सात वर्षे हसणारी पोर आता किरकिर करू लागली. अंग कढत लागे. गाल लाल होत. लाळेरे दिवसातून दहा वेळा बदलावे लागे. पाळण्याची दोरी, दाईचा खांदा, प्रधानाच्या उपरण्याचे टोक, ती सगळे तोंडात घाली आणि मग रडे. राजा घाबरला. वैद्यांना बोलावणे गेले. त्यांनी नाडी बघितली आणि सात काढे सांगितले. दाई भिवरा तेवढी मंजिरीचे तोंड बघून गप्प राहिली. आठ लेकरे वाढवलेली बाई, पण राजवाड्यात भलती आशा बोलून दाखवायची तिची छाती होईना.

चैत्रातली एक सकाळ. राजा मांडवाखाली पाणी घालत होता. पानांच्या आड त्याला काहीतरी दिसले. अंगठ्याएवढा, हिरवा, लव असलेला दुधी, टोकाला फूल अजून तसेच. अगदी तुंबाईच्या मांडवावरचा तोच जणू परत आला होता.

राजाने श्वास धरला. मग त्याला श्वास धरवेना.

"राणी!" तो ओरडला. "अहो राणी, लवकर या!"

राणी किरकिरणाऱ्या मंजिरीला कडेवर घेऊन धावत आली. मागून दाई, मागून प्रधान. "कुठे आहे?" राणीने विचारले. "मला दिसत नाही. कुठे?"

"तो काय! त्या पानामागे! तो बघा," राजा म्हणाला, आणि आनंदाच्या भरात त्याचे बोट सरळ, टोकापर्यंत सरळ, त्या फळावर रोखले गेले. "माझा दुधी!"

तांबटाची टुकटुक थांबली.

वेलाची पाने हलायची थांबली. फळाच्या टोकाचे फूल अर्धवट मिटता मिटता जागच्या जागी राहिले. राजाने आपले बोट बघितले. ओंजळीत वाकलेले, चिमटीत वाकलेले, गाठीत वाकलेले बोट आणि तीन महिन्यांची मेहनत त्याने एका क्षणात मातीत घातली होती. राणीने डोळे मिटून घेतले. राजाला हात खाली घेण्याचेही भान राहिले नाही. बोट तसेच हवेत राहिले.

आणि मंजिरीने ते धरले.

तिच्यासमोर एक बोट आले होते. हिरड्या शिवशिवत होत्या. तिने दोन्ही मुठींनी ते ओढले, तोंडात घातले आणि सात वर्षांचा सगळा राग काढून चावली.

"आई गं!" राजा जयकेतू किंचाळला.

मांडवावरच्या चिमण्या उडाल्या. राजा बोटाकडे बघत राहिला. बोटावर रक्ताचा एक बारीक थेंब होता. मऊ हिरडीने रक्त येत नाही, हे त्याला सात वर्षांच्या अनुभवाने माहीत होते.

दाई भिवराने पुढे होऊन मंजिरीचा खालचा ओठ हळूच ओढला. तिथे तांदळाच्या कणीएवढा पांढराशुभ्र दात होता.

"दात आलाय, महाराज," भिवरा म्हणाली, आणि रडायला लागली. "मला आठवड्यापासून वाटत होतं!"

"मग बोलली का नाहीस?" राणी म्हणाली. तीही रडत होती आणि हसतही होती. मंजिरीला या गोंधळाशी कर्तव्य नव्हते. तिला ते बोट पुन्हा हवे होते. राजाने ते आनंदाने दिले आणि पुन्हा किंचाळला. प्रधानाने उपरण्याने डोळे पुसले.

मांडवावर फुलाने उरलेली पाकळी मिटली. पाने हलली. तांबटाने टुकटुक जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली.

शाप असा सुटला. त्या बोटाच्या हातून मातीत वेल वाढत होता, तेवढे दिवस मंजिरीच्या हिरडीत दातही वाढत होता. मंजिरी महिन्याभरात रांगू लागली. हातातून गेलेली सात वर्षे परत आली नाहीत, आणि कोणी ती मागितलीही नाहीत. पहिला दुधी कापायचा नाही, म्हणून राणीने त्याच्या देठाला लाल दोरा बांधला. तो वेलावरच मोठा झाला, जून झाला, वाळला, आणि हलवला की आत बिया खुळखुळू लागल्या. मंजिरी त्याचा खुळखुळा करून खेळली.

पुढल्या माघात राजाने तो तुंबा फोडला. पहिल्या बिया ओंजळीत घेतल्या आणि तो तुंबाईकडे निघाला. तिचे एक फळ तो देणे लागत होता. पण अंगणाच्या दारातच त्याला थांबावे लागले. मंजिरी नुकतीच चालायला शिकली होती आणि तिलाही यायचे होते. राजाने बिया डाव्या मुठीत घेतल्या आणि उजव्या हाताचे ते बोट खाली केले. तिने मुठीत धरल्यावर ते आपोआप वाकले. त्यावर अजून दाताची बारीक खूण होती. बापलेक थांबत, पडत, उठत वेशीबाहेर गेले. त्या दिवशी राज्याच्या राजाला अर्धा कोस जायला दुपार झाली आणि त्याला कुठलीच घाई नव्हती.

वेलाची गोष्ट मांडवावर चढली, मांडवाची गोष्ट फळाला लागली, फळाची गोष्ट बियांत जाऊन बसली. बी मातीत एक पेर खोल आहे. तिथे कोणी बोट दाखवू नका.